सत्राचा कागद

सत्र सुरू झालं की शाळेकडून घरी एक कागद येतो. आता तो बहुतेक वेळा मोबाइलवर येतो, पण त्याचं रूप काही बदललेलं नाही. डावीकडे विषय, उजवीकडे पाठांची नावं, खाली चाचणीच्या तारखा. गणितापुढे लिहिलेलं असतं: मोठ्या संख्या, चार मूलभूत क्रिया, अपूर्णांक, कोन, मापन, वेळ. विज्ञानापुढे: सजीवांची लक्षणं, वनस्पतींचं अन्न, चंद्राच्या कला, आपलं शरीर. भाषेपुढे तर नुसते आकडे, पाठ १ ते ९ आणि कविता १ ते ५. आईवडील कागदावरून नजर फिरवतात, 'बराच पोर्शन आहे' म्हणतात आणि बाजूला ठेवतात. तो पुन्हा बाहेर निघतो तो परीक्षेच्या आदल्या आठवड्यात.

असे कागद मी स्वतः बरीच वर्षं लिहिले आहेत. प्राथमिकच्या वर्गांना शिकवत होते तेव्हा सत्राच्या पहिल्या आठवड्यात बसायचं, अनुक्रमणिकेतली नावं उतरवून घ्यायची, तासिका मोजायच्या, सुट्ट्या वजा करायच्या आणि उरेल त्यात सगळं बसवायचं. तासाभरात काम उरके. त्या तासाभरात वर्गातल्या एकाही मुलाचा चेहरा डोळ्यांसमोर आणावा लागत नसे. गडबड तिथेच सुरू होते असं आज मला ठामपणे वाटतं. हा कागद लिहिणं आपण कारकुनी काम समजतो, आणि मुलाच्या आयुष्यातले चार महिने कशावर खर्च व्हावेत हे त्यात परस्पर ठरून जातं. कोणी न ठरवताच.

येत्या सत्राच्या कागदावर निम्म्याहून कमी गोष्टी असाव्यात असं माझं म्हणणं आहे. ज्या असतील त्या मुलाला काय करता येईल या भाषेत लिहिलेल्या असाव्यात. ज्यांना मुळातच खूप दिवस लागतात त्यांना सगळ्यात आधी जागा मिळावी. आणि मूल कुठे अडखळणार आहे हे त्या कागदावर आधीच लिहिलेलं असावं.

अडखळण्यापासूनच सुरुवात करते. पाचवीतला एक मुलगा, हुशार, वही नेटकी. अपूर्णांकांचा घटक 'पूर्ण' झाल्यानंतर दोन आठवड्यांनी मी त्याला फळ्यावर १/२ अधिक १/३ करायला सांगितलं. त्याने क्षणभरही न थांबता २/५ लिहिलं. वरचे वर मिळवले, खालचे खाली मिळवले. मी त्याला कागदाची एक लांब पट्टी दिली. अर्ध्यावर दुमडून खूण कर म्हटलं. मग तेवढ्याच लांबीच्या दुसऱ्या पट्टीचा एक तृतीयांश भाग कापून त्या खुणेपुढे ठेवायला लावला. तुकडा अर्ध्याच्या बराच पुढे गेला. आता तुझ्या उत्तराएवढी पट्टी दाखव, म्हटलं. त्याने तिसऱ्या पट्टीचे पाच सारखे भाग करायची खटपट केली, दोन भाग मोजले, आणि पट्टी हातात धरून तसाच उभा राहिला. "बाई, हे तर अर्ध्यापेक्षा कमी आलं." अर्ध्यात काहीतरी मिळवलं आणि उत्तर अर्ध्याहून लहान आलं, हे त्याला पहिल्यांदाच खटकलं होतं. घटकाला दिलेल्या सहा तासिकांत ते कधीच खटकलं नव्हतं, कारण त्या सहा तासिकांत आम्ही रीत शिकत होतो. १/२ ही मुळात एक संख्या आहे, तिला स्वतःचा आकार आहे, ती कशाच्या तरी मागे किंवा पुढे असते, इथपर्यंत आम्ही पोचलोच नव्हतो.

हे एका वर्गापुरतं नाही. अमेरिकेत १९७८ साली झालेल्या राष्ट्रीय गणित चाचणीत तेरा वर्षांच्या मुलांना १२/१३ आणि ७/८ यांची बेरीज अंदाजाने विचारली होती. पर्याय होते १, २, १९ आणि २१. दोन्ही अपूर्णांक एकाच्या जवळचे, तेव्हा बेरीज दोनच्या आसपास. २ हा पर्याय निवडणारी मुलं होती २४ टक्के. निम्म्याहून जास्त मुलांनी १९ किंवा २१ निवडलं, म्हणजे अंश तरी मिळवले किंवा छेद तरी. ही मुलं अपूर्णांक 'शिकलेली' होती. एकदा नव्हे, दरवर्षी.

इथे पालकांना वाटतं की एका घटकाचं एवढं काय, पुढे जमेल. म्हणून आणखी एक गोष्ट सांगायला हवी. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट सीग्लर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये अमेरिका आणि ब्रिटनमधली दीर्घकाळाची माहिती तपासली. दहाव्या वर्षी मुलाला अपूर्णांक आणि भागाकार किती कळलेत, यावरून पाच-सहा वर्षांनी ते माध्यमिक शाळेच्या गणितात कुठे असेल याचा अंदाज येत होता. मुलाची बुद्धिमत्ता, घरची परिस्थिती, बेरीज-वजाबाकीतलं प्रावीण्य हे सगळं हिशेबात धरूनही तो अंदाज टिकत होता. म्हणजे सत्राच्या कागदावर 'अपूर्णांक' आणि 'कोनांचे प्रकार' हे दोन शब्द एकाखाली एक, एकाच टाइपात छापलेले असतात, पण त्यांचं वजन सारखं नसतं. लघुकोन-विशालकोनांची नावं मूल पुढच्या वर्षी अर्ध्या तासात शिकेल. अपूर्णांक निसटला तर तो पुढे वर्षानुवर्षं आडवा येत राहतो. शिक्षकाला हा फरक माहीत असतो. मग कागदावर तो का दिसू नये?

बरोबरचं चिन्ह घ्या. त्याच्यासाठी कुठल्याच सत्रात एकही तासिका राखलेली नसते, इतकं ते सोपं मानलं जातं. अमेरिकेतल्या संशोधकांनी सहावीतल्या १४५ मुलांपुढे ८ + ४ = □ + ५ असं उदाहरण ठेवलं. चौकटीत ७ यायला हवेत. त्या १४५ मुलांनी १२ तरी लिहिले किंवा १७ तरी. १९९९ मध्ये हे प्रसिद्ध झालं. मी वाचलं ते कितीतरी नंतर, आणि दुसऱ्याच दिवशी माझ्या वर्गात लिहून पाहिलं. बाराच बारा आले. मुलांनी पाच वर्षं हजारो वेळा ते चिन्ह काढलं होतं आणि 'आता उत्तर लिहा' एवढाच त्याचा अर्थ लावला होता. दोन्ही बाजू सारख्या आहेत असं ते चिन्ह म्हणतं, हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. मीही नाही. पुढे बीजगणितात याच मुलांना 'दोन्ही बाजूंना तीन मिळवा' असं सांगितलं की ती गोंधळतात आणि आपण म्हणतो, गणितात डोकं नाही.

तेव्हा कागदावर घटकाच्या नावाऐवजी वाक्य असावं. 'अपूर्णांक' एवढंच लिहिण्याऐवजी: 'सत्राअखेर मूल १/२, १/३, ३/४, २/५ असे अपूर्णांक संख्यारेषेवर अंदाजाने योग्य जागी ठेवेल, दोनपैकी मोठा कोणता ते कारण देऊन सांगेल. सुरुवातीला बरीच मुलं १/५ ला १/३ पेक्षा मोठा म्हणतील, कारण ५ हा ३ पेक्षा मोठा. ते नैसर्गिक आहे, रागावू नका, पट्टी दुमडायला द्या.' हे वाचून घरातलं कोणीही, गणित न येणारं माणूससुद्धा, मुलाशेजारी बसून काहीतरी करू शकतं. 'अपूर्णांक' वाचून फक्त क्लास लावता येतो.

'ओळख', 'जाणीव', 'समजून घेणे', 'माहिती मिळवणे' हे शब्द या कागदांवरून पार काढून टाकावेत असं मला वाटतं. दुसरीच्या कागदावर 'एक ते शंभर संख्यांची ओळख' असतं. ओळख म्हणजे काय? आपल्या भाषेत 'त्रेपन्न' ऐकताना मुलाच्या कानावर आधी तीन पडतात, मग पन्नास. लिहिताना मात्र आधी पाच लिहायचे, मग तीन. कितीतरी मुलं त्रेपन्न ऐकून ३५ लिहितात. 'एकोणसाठ' मध्ये तर पाचाचा मागमूसही नाही, ऐकू येतो तो साठ. जर्मन मुलांनाही हेच भोगावं लागतं, त्यांच्याकडेही त्रेपन्न म्हणताना तीन आधी येतात. ही चूक निष्काळजीपणाची नव्हे, भाषेच्या घडणीची आहे, आणि तिला पंधरा-वीस दिवस रोज थोडा थोडा सराव लागतो: दांड्यांच्या जुड्या, सुट्या दांड्या, तोंडाने म्हणणं, हाताने मांडणं, मग लिहिणं. हे कागदावर असेल तर घरी '३५ काय लिहिलंस, लक्ष कुठे असतं तुझं' हे वाक्य निदान एकदा तरी ओठांवरच थांबेल.

आता 'कमी गोष्टी' या मुद्द्याकडे येते, कारण त्यालाच सगळ्यात जास्त विरोध होतो. 'कमी शिकवलं तर मुलं मागे पडतील' ही भीती मी पालकसभेत असंख्य वेळा ऐकली. १९९५ मध्ये चाळीसहून अधिक देशांतल्या मुलांच्या गणित-विज्ञानाची मोठी तुलना झाली. त्या अभ्यासाच्या आधाराने शिक्षणाचे अभ्यासक विल्यम श्मिट आणि सहकाऱ्यांनी देशोदेशींचे अभ्यासक्रम शेजारी ठेवून पाहिले. पुढे असलेल्या देशांत, म्हणजे सिंगापूर, जपान, दक्षिण कोरिया यांच्याकडे, प्राथमिकच्या एकेका इयत्तेत गणिताचे विषय मोजके होते. एक विषय यायचा, काही वर्षं जोमाने चालायचा, मग बाजूला होऊन पुढच्याला जागा द्यायचा. अमेरिकेकडे जवळपास सगळे विषय जवळपास सगळ्या इयत्तांत होते आणि निकाल मात्र मधल्या रांगेतले. यशाला इतरही कारणं असतात हे खरं. पण ढीगभर विषय ठेवल्याने मुलं पुढे जातात या समजुतीला तिथे आधार सापडत नाही.

यावर लगेच 'सर्पिल' अभ्यासक्रमाचं नाव घेतलं जातं. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जेरोम ब्रूनर यांनी १९६० मध्ये ती कल्पना मांडली: तोच गाभ्याचा विचार पुन्हा पुन्हा यावा, दरवेळी अधिक खोल. कल्पना सुंदर आहे. आपण तिचा पहिला अर्धा भाग घेतला आणि 'अधिक खोल' सोडून दिलं. तिसरीत अर्धं रंगवलेलं वर्तुळ, चौथीत अर्धं रंगवलेलं वर्तुळ, पाचवीत अर्धं रंगवलेलं वर्तुळ आणि खाली एकदम बेरजेची रीत. हे त्याच पायरीवर तीन वर्षं पाय आपटणं झालं. जिना चढलाच नाही.

पण कमी विषय घेण्याचं खरं कारण मला संशोधनापेक्षा वेळेच्या स्वभावात दिसतं. सत्र म्हणजे शे-सव्वाशे दिवसांची एक लांबी. तिला आपण पोतं समजतो, कोंबू तेवढं कमी. काही गोष्टी मात्र लांबीशिवाय शिकताच येत नाहीत. एका दिवसात कितीही तास दिले तरी नाही. विसरणं आणि पुन्हा आठवणं ही त्यातली पहिली. जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मन एबिंगहाउस स्वतःच अर्थहीन अक्षरगट पाठ करत आणि किती विसरलं ते मोजत. १८८५ मध्ये त्यांनी ते प्रसिद्ध केलं. शिकलेलं सुरुवातीला झपाट्याने निसटतं, मग वेग मंदावतो. आणि तेवढ्याच आवृत्त्या एका बैठकीत उरकण्यापेक्षा काही दिवसांत पसरून केल्या तर जास्त टिकतात. आपल्या जुन्या शाळांतली रोजची उजळणी याच शहाणपणावर उभी होती, त्यात फक्त अर्थाची भर हवी होती. सत्राचा कागद मात्र सांगतो की गुणाकार पहिल्या महिन्यात, मापन दुसऱ्यात. पहिला महिना संपला की गुणाकार संपला. तो पुन्हा भेटणार थेट परीक्षेच्या आदल्या रात्री, रडत.

दुसरी गोष्ट बघण्याची. 'चंद्राच्या कला' हा घटक मी अनेक वर्षं दोन तासिकांत शिकवला. आकृती काढायची, आठ चंद्र, आठ नावं. मुलं परीक्षेत बरोबर लिहीत. एकदा सहज विचारलं, चंद्र अर्धाच का दिसतो? जवळजवळ सगळ्या वर्गाने सांगितलं, पृथ्वीची सावली पडते म्हणून. ते ग्रहणाचं उत्तर झालं, कलांचं नाही. पुढच्या वर्षी मी तो घटक सत्राच्या पहिल्याच आठवड्यात काढला आणि शिकवलाच नाही. भिंतीवर मोठा तक्ता लावला, रोजची एक चौकट. आदल्या दिवशी ज्याला चंद्र दिसला त्याने तो काढायचा, कधी दिसला आणि कुठल्या बाजूला तेही लिहायचं. ढग असतील तर चौकट मोकळी. पहिले दहा दिवस रटाळ गेले, हे प्रामाणिकपणे सांगते. मग एक मुलगी सकाळी धावत आली: "बाई, चंद्र आत्ता होता! उजेडात!" तिच्या मते ती चंद्राची चूक होती. वर्गात वाद झाला, चंद्र रात्रीचाच असतो म्हणून. दुसऱ्या दिवशी सहा-सात जणांनी सकाळी पश्चिमेकडे पाहून खात्री करून घेतली. रोज तो आदल्या दिवसापेक्षा उशिरा उगवतो हेही त्यांच्याच नोंदींतून निघालं. सरासरी पन्नास मिनिटांनी, हे आकडे मी नंतर सांगितले.

अष्टमीच्या सुमाराला दुपारी अर्धा चंद्र आकाशात आला तेव्हा वर्ग बाहेर नेला. सूर्य पश्चिमेला कलत होता. प्रत्येकाच्या हातात पांढरा चेंडू दिला आणि तो चंद्राच्या दिशेला उंच धरायला सांगितला. चेंडूवरचा उजेड आणि चंद्रावरचा उजेड हुबेहूब सारखा, तेवढाच अर्धा, त्याच बाजूने. सावलीवाल्या गटातला एक मुलगा बराच वेळ सूर्याकडच्या बाजूला, मग चंद्राकडे, मग पायाखाली बघत राहिला. मग म्हणाला, "पृथ्वीची सावली तर सूर्याच्या उलट्या बाजूला पडायला पाहिजे. ती तिथे जाणारच नाही." अख्खा घटक त्या वाक्यात होता. ते वाक्य दोन तासिकांत कुठल्याही शिक्षकाला काढून घेता आलं नसतं, कारण चंद्राच्या कलांचा एक फेरा पुरा व्हायला साडेएकोणतीस दिवस लागतात आणि मुलाला खात्री पटायला निदान दोन फेरे. तासिका मोजल्या तर मी फार जास्त वेळ खर्च केला नव्हता. रोजची दोन-तीन मिनिटं, शेवटी एक दुपार. वेळ थोडा जास्त, पण सत्रभर पसरलेला.

अशा गोष्टी अनेक आहेत. उन्हात रोवलेल्या काठीची भर मध्यान्हीची सावली दर आठवड्याला आखली तर ती हळूहळू सरकते, ऋतू तिथे भेटतो. वनस्पतींच्या अन्नाचंही तसंच. मुलाला मनापासून वाटतं की झाड माती खाऊन वाढतं, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही, कारण जाणत्या माणसांनाही शतकानुशतकं तेच वाटत होतं. सतराव्या शतकातले वैज्ञानिक व्हॅन हेल्मोंट यांनी दोनशे पौंड वाळवलेल्या मातीत पाच पौंडांचं विलोचं रोप लावून पाच वर्षं फक्त पाणी घातलं. झाड १६९ पौंडांचं झालं, माती जेमतेम दोन औंस घटली. हे १६४८ मध्ये छापून आलं. त्यांनी काढलेला निष्कर्षही अर्धवटच होता, सगळं पाण्यातून आलं असा. हवेचा आणि उजेडाचा वाटा कळायला पुढे शंभराहून जास्त वर्षं लागली. त्या प्रवासाला आपण सत्रात तीन तासिका देतो आणि 'प्रकाशसंश्लेषण' हा शब्द स्पेलिंगसारखा पाठ करून घेतो.

भाषेबद्दल थोडक्यात. पाठ १ ते ९ ही यादी वाचनाची नसते, प्रश्नोत्तरांची असते. मूल अक्षरं जोडून वाचायला लागलं की भाषेचं काम संपलं असं धरलं जातं, आणि पुढे तेच मूल परिच्छेद घडघडा वाचतं पण काय वाचलं ते सांगू शकत नाही. वाचलेलं कळायला त्या विषयाचं काही आधीचं ठाऊक असावं लागतं. १९८८ मध्ये रेख्त आणि लेस्ली या संशोधकांनी मुलांना बेसबॉलच्या सामन्याचं वर्णन वाचायला दिलं. खेळ माहीत असलेली 'कच्ची' वाचक मुलं, खेळ माहीत नसलेल्या 'पक्क्या' वाचकांपेक्षा सरस ठरली. म्हणून भाषेच्या कागदावर मला दोन ओळी पुरतात: या सत्रात वर्ग कशाबद्दल वाचणार आहे, सलग काही आठवडे. आणि रोज किती वेळ शिक्षक मुलांना मोठ्याने वाचून दाखवणार आहे. चंद्राचा तक्ता भिंतीवर असताना भाषेच्या तासाला आकाशाबद्दलच वाचलं तर कुणाचं बिघडतं?

विरोधातला सगळ्यात खरा मुद्दा शिक्षकांचा आहे आणि तो मला टाळायचा नाही. वर्ग मोठे, वर्गात तीन-तीन पातळ्यांची मुलं, त्यात माहिती भरण्याची कामं. आणि तपासणीला येणारा माणूस पहिला प्रश्न विचारतो: पोर्शन कुठवर आला? या प्रश्नाचं उत्तर देण्यासाठी शिक्षक पळतो, आणि पळणाऱ्या शिक्षकाचं काय होतं हे शिक्षणाच्या अभ्यासक मेरी बड रो यांनी १९७०च्या दशकात वर्गांतली बोलणी ध्वनिमुद्रित करून दाखवलं. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एक सेकंद थांबत, मग दुसऱ्याला विचारत किंवा स्वतःच उत्तर देत. तीन सेकंद थांबायला शिकवलं तेव्हा उत्तरं लांबली, कधी न बोलणारी मुलं बोलली, मुलं स्वतः प्रश्न विचारू लागली. दोन जादा सेकंद! ते शिक्षकाजवळ नसतात, कारण पुढचा घटक दारात उभा असतो. म्हणून हा बदल एकट्या शिक्षकावर सोडून चालणार नाही. मुख्याध्यापकाने आणि वरच्या यंत्रणेने लेखी म्हणायला हवं की या सत्रात एवढेच गाभ्याचे विषय, बाकीचे वेळ उरला तर. तपासणारा वर्गात आला की त्याने अनुक्रमणिका बाजूला ठेवून कुठल्याही चार मुलांना पट्टी दुमडून ३/४ दाखवायला सांगावं.

पालकांचाही वाटा आहे, आणि तो जरा कडू आहे. शेजारच्या शाळेत भागाकार सुरू झाला आणि आपल्याकडे अजून वजाबाकीच चालू आहे, या एका वाक्याने मी भलेभले मुख्याध्यापक डळमळताना पाहिले आहेत. तुमचं मूल वजाबाकीत कुठे आहे हे तुम्हाला माहीत असेल, तर ते वाक्य तुम्ही म्हणणार नाही. आणि ते तुम्हाला माहीत नसण्याचं कारण पुन्हा तोच कागद, ज्यावर 'वजाबाकी' एवढाच शब्द होता. म्हणून सत्राच्या मध्यावर दुसरा कागद जावा असं मी म्हणते. काय जमलं, काय रेंगाळलं, काय पुढे ढकललं. ढकललेलं लपवू नये, स्पष्ट लिहावं.

मी तो एकदा पाठवला होता. तिसरीचा वर्ग होता. ५०२ वजा २६७ चं उत्तर निम्मा वर्ग ३६५ लिहीत होता. सातातून दोन, सहातून शून्य, पाचातून दोन, प्रत्येक घरात मोठ्यातून लहान. अशा चुका ठरावीक नियमाने होतात हे ब्राउन आणि बर्टन या संशोधकांनी १९७८ मध्येच दाखवून दिलं आहे. मूल आपल्या नियमाशी अगदी प्रामाणिक असतं, नियम तेवढा चुकीचा असतो. मी लिहिलं: 'वजाबाकीला आणखी दोन आठवडे लागतील. मुलं हातचा यांत्रिकपणे घेतात, शतक सुटं करणं त्यांना दिसत नाही. कोन या सत्रात होणार नाहीत.' मुख्याध्यापकांनी सही करायला दोन दिवस घेतले.

तिसऱ्या दिवशी एक आई शाळा सुटल्यावर आली. तक्रार करायला आली असेल असं वाटलं. तिने विचारलं, "शतक सुटं करणं म्हणजे काय? मला हातचा येतो, पण तो कुठून येतो ते मलाही कधी कळलं नाही." मी कपाटातून दांड्या काढल्या. शंभराच्या पाच मोठ्या जुड्या, दहाच्या शून्य, सुट्या दोन. आता यातून सात दे, म्हटलं. ती मुलांच्या बुटक्या बाकावर बसली, सुट्या दोन दांड्यांकडे पाहिलं, दशकाच्या रिकाम्या जागेकडे पाहिलं. मग एक मोठी जुडी उचलून तिचा दोरा सोडला, आतून दहाच्या दहा जुड्या निघाल्या. त्यातली एक बाजूला घेऊन तिचाही दोरा सोडला. दांड्या बाकावर पसरल्या, दोन-तीन खाली पडल्या. त्या उचलता उचलता ती मोजत होती: नऊ, दहा, अकरा, बारा.